कापडी म्हणे!

मंडळी, प्लॅस्टिकबंदीवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात भर घालण्याचा माझा विचार नव्हता. पण आपल्या सोलापुरात, जिथे पूर्व भागातल्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट ऐकत पिढ्या मोठ्या झाल्या, तिथे दुकानदार ‘कापडी पिशवी’ म्हणून जे हातात ठेवतो आणि आपण समाधानाने घरी नेतो, त्याबद्दल बोलायलाच हवे. ती पिशवी कापडी नाही. ती प्लॅस्टिकची आहे.

खात्री हवी असेल तर तिच्या कडेचा एक धागा ओढून पाहा. निघणार नाही, कारण धागाच नाही. ताणा नाही की बाणा नाही. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून त्याचे बारीक तंतू काढतात, ते एकावर एक पसरतात आणि तापलेल्या रुळांखाली दाबून चिकटवतात. अंगावर जे ठिपके दिसतात ते त्या रुळांचे. तिचा एक लहानसा तुकडा पेटवून पाहा (अंगणात, चिमट्यात धरून!). सुती कापड जळले की कागद जळल्यासारखा वास येतो, मागे राख उरते. ही वितळते आणि थिजून कडक मणी होते. नाव बिचारीचे प्रामाणिक आहे : नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेली. कापड तिला आपण केले.

सरकारलाही हे ठाऊक होते. २३ मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेत या पिशवीचाही बंदीत समावेश होता. दंड पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली. म्हणजे जाड असली तर चालेल! आता मंगळवार बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणारी बाई पिशवीचे वजन कोणत्या काट्यावर करणार? तपासणी आली की सापडते तीच, आणि पाच हजार तिच्या किती दिवसांच्या कमाईचे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पातळ पिशव्या करणारा कारखानदार तिच्या टोपलीशेजारी बसलेला नसतो. आणि हात हलवत बाजारात येऊन ‘पिशवी दे गं’ म्हणणारे आपण तर अगदी निर्दोष!

मला खरा संताप येतो तो चादरीच्या दुकानात. सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. ती शुद्ध सुती चादर आपल्याला मिळते कशात? चेन लावलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये, आणि ते पुन्हा न विणलेल्या पिशवीत. विणकरांच्या गावाने आपला माल न विणलेल्यात बांधून द्यावा, याला काय म्हणावे?

‘पण ती पुन्हा पुन्हा वापरता येते की!’ असे आमच्याकडची तरुण मंडळी म्हणतात. येते, थोडे दिवस. आपल्या गावचे ऊन तुम्हाला सांगायला नको. गच्चीवर चार महिने राहिलेली अशी पिशवी उचलून पाहा, हातात भुगा येतो. तो भुगा कुजत नाही, नाल्यात जातो. कापसालाही पाणी लागते, हेही खरे. म्हणून सुती पिशवी हौसेने दहा घेण्याची वस्तू नव्हे, एक घेऊन वर्षानुवर्षे वापरण्याची आहे. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवली तर नवा कापूसही लागत नाही. अशी पिशवी खुंटीला नसलेले घर आमच्या पिढीला ठाऊक नव्हते.

हॉटेलातून गरम सांबार पातळ पिशवीत गाठ मारून आणणाऱ्यांविषयी काय बोलावे! घरात कडीचा डबा असतो. असो.

नातेवाइकांपैकी ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे, त्यांनी ‘शुभविवाह’ छापलेल्या त्या लाल-पिवळ्या पिशव्यांची ऑर्डर देण्यापूर्वी मला एक फोन करावा. मांजरपाटाचा तागा आणि शिवून देणाऱ्या दोन बायका, दोन्ही माझ्या माहितीत आहेत. तारीख मात्र महिनाभर आधी कळवा.