स्मृती, देह आणि टोपलीभर माती

मासाआकी युआसा यांची 'कायबा' (२००८) ही १२ भागांची जपानी ॲनिमे मालिका 'स्मृती म्हणजेच व्यक्ती' या सिद्धान्ताची मांडणी म्हणून वाखाणली जाते. हे आकलन अपुरे आहे. तिच्यातील जगात स्मृती लहानशा चिपमध्ये साठवून दुसऱ्या देहात घालता येते. धनिक देह विकत घेतात, दरिद्री आपले विकतात. क्रोनिको नावाची मुलगी कुटुंबासाठी देह विकते आणि स्वतःची ओळख हरवलेला कायबा त्याच देहातून पुढील प्रवास करतो. बालचित्रांसारख्या गोलसर रेखाटनामुळे हा व्यवहार अधिकच अमानुष भासतो. कोणाच्या स्मृतीसाठी कोणाचा देह खर्ची पडतो, हा तिचा खरा प्रश्न.

रायपूरच्या वाचकाला तो अपरिचित वाटू नये. रायपुरात शिकलेले आणि तेथेच १९२६ मध्ये निवर्तलेले मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी 'छत्तीसगढ मित्र'मध्ये १९०१ साली 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदी कथा लिहिली. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. घराच्या ओढीने नात अन्न सोडते. तेव्हा चूल घालण्यापुरती तेथील माती ती मागते. टोपली जमीनदाराला उचलत नाही. येथे स्मृती मातीला चिकटलेली, म्हणूनच जड आहे. युआसा यांच्या जगात ती सुटी व हलकी झाली, आणि तिचा बाजार भरला. अर्थात सप्रे यांचा जमीनदार पश्चात्ताप पावून झोपडी परत करतो. इतका सोपा शेवट क्रोनिकोच्या वाट्याला आलेला नाही.