यवनांचे खांब

ॲरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र' शिकवून झाले, की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : 'सर, ही ग्रीक देवळे आणि नाट्यगृहे आपल्याला कधी पाहायला मिळणार?' विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिसिली बेटावरचे सिराक्यूजचे दगडी नाट्यगृह असते, आग्रिजेन्तोच्या कड्यावर ओळीने उभे असलेले डोरिक खांब असतात. ही ओढ आम्हांलाही ठाऊक आहे. मात्र या प्रश्नामागचे एक गृहीत आम्हांला खटकते. ग्रीक म्हणजे समुद्रापलीकडचे, आपल्या भाषेशी संबंध नसलेले कोणी, असे ते गृहीत आहे. आमच्या मते छत्रपती संभाजीनगरच्या साहित्याच्या विद्यार्थ्याने ग्रीकांच्या शोधात निघताना पहिले तिकीट एस.टी.चे काढावे.

पैठण येथून अवघे पन्नासेक किलोमीटर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत पैठणचे नाव येते. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर आहे, तिथून गाड्यांवर लादून मौल्यवान खडे येतात, आणि पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, आहे अशी ती नोंद. एकनाथांचे पैठण त्यांच्या पंधराशे वर्षे आधी ग्रीक वाचकाला माहीत होते.

ही झाली त्यांनी आपल्याविषयी लिहिलेली ओळ. त्यांची आपल्या भाषेतली ओळ वाचायची, तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे लागते. तेथील सतरा क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक प्राकृत लेख आहे. धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी, जातीने 'योनक', याने हे लेणे आणि पाण्याची टाकी खोदविली. पुण्य आईवडिलांना अर्पण केले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांब धेनुकाकट येथील यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान दिली. येथे संगमरवर नाही, झ्यूस नाही, अथीना नाही. आहे तो आपला काळा कातळ, आणि महाराष्ट्री प्राकृताशी जवळचे नाते असलेली भाषा. लेण्यांच्या संदर्भात 'पोढी' हा शब्द आपण आजही वापरतो. तो ज्या लेखांतून आपल्यापर्यंत आला, त्यांत एका यवनाचाही लेख आहे.

आग्रिजेन्तोचे 'कॉन्कॉर्डिया' देऊळ इतके शाबूत का, याचे एक मोठे कारण म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चर्च झाले. सिराक्यूजच्या कॅथिड्रलच्या भिंतींत अथीनेच्या देवळाचे खांब आजही दिसतात. तिथे देवळाने धर्म बदलला आणि ते टिकले. आपल्याकडे आलेल्या परक्याने स्वतःचे वेगळे देऊळ उभारले नाही. इथल्यांच्या चैत्यात आपल्या नावाचा खांब दिला आणि नावापुढे 'यवन' हा शब्द न संकोचता कोरवून घेतला.

हे यवन खरोखर ग्रीक होते काय, अशी शंका अभ्यासक घेतात, आणि ती रास्त आहे. त्यांतील पुष्कळांची नावे भारतीय आहेत. 'यवन' हा शब्द मूळ आयोनियावरून आला असला, तरी पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कोणालाही तो लावला गेला. 'यवनिका' या शब्दावरून संस्कृत रंगभूमी ग्रीकांची ऋणी ठरविण्याचा खटाटोप असाच फसला, कारण ग्रीक रंगभूमीवर तसा पडदाच नव्हता. तेव्हा रक्ताचा निवाडा करण्याचा आमचा आग्रह नाही. आमचा आग्रह शब्दाचा आहे.

कारण पुढे याच शब्दाचे काय झाले, ते मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. बखरींत आणि त्यांच्या वळणावर लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत 'यवन' म्हणजे मुसलमान, आणि बहुधा शत्रू. आज वर्गात हा शब्द उच्चारला, की मुलांच्या मनात दुसरा अर्थ उमटतच नाही. कातळावरचा यवन दाता आहे, आईवडिलांसाठी पुण्य मागणारा मुलगा आहे, तहानलेल्यासाठी टाके खोदविणारा आहे. शब्द तोच, मधल्या काळात बदलली ती आपली नजर. आमच्या या शहराला नावांचे वजन नेमके ठाऊक आहे. म्हणूनच एका नावाचे सगळे अर्थ मुलांसमोर ठेवण्याची जबाबदारी इथल्या भाषाशिक्षकावर अधिक येते, असे आम्हांला वाटते.

सिसिलीला जरूर जावे. भग्न खांबांत उभे राहिले, की शोकात्मिका पुस्तकातून बाहेर येते यात शंका नाही. पण त्याआधी एकदा वर्ग घेऊन नाशिकला जावे, आणि त्या ओसरीत मुलांना एकेक अक्षर लावू द्यावे. 'योनक' हा शब्द त्यांचा त्यांना वाचता आला, की त्याचा अर्थ काय, हे तेच विचारतील. त्या दिवशीचा तास तिथेच सुरू करावा.