नव्या नाकाची हौस

नाक कापलें जाणें म्हणजे अब्रू जाणें, असें आपण म्हणतों. पूर्वीं ही केवळ बोलण्याची रीत नव्हती. १७९२ च्या लढाईंत इंग्रजी सैन्याबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या कैदेंत पडला, व त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला. पुढें सुमारें वर्षभरानें पुण्याजवळील विटा करणाऱ्या जातीच्या एका इसमानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापली गेली. पुढें १८१४ सालीं जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तेथें याच पद्धतीनें नाक घडविलें. पहिल्या महायुद्धांत छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांचे चेहरे हॅरल्ड गिलीज यांनीं नीट केले, तेंही याच विद्येच्या बळावर.

हल्लीं मात्र तीच सुरी धडधाकट नाकावरही चालते. रूपाकरितां असें साहस करणें नवें नाहीं. ग्लॅडिस डीकन ही प्रसिद्ध सुंदरी होती. तरीही १९०३ च्या सुमारास नाकाची रेघ सरळ दिसावी म्हणून तिनें आंत मेण भरून घेतलें. तें मेण पुढें खालीं सरकलें व चेहरा कायमचा बिघडला.

आज साधनें सुधारलीं आहेत, पण धोका गेला नाहीं. रक्तस्राव, जखम चिघळणें, श्वासास अडथळा, पुन्हां शस्त्रक्रियेची पाळी, हें सारें संभवतें. चेहरा भरून दिसावा म्हणून टोंचलेलें औषध रक्तवाहिनींत शिरल्यास दृष्टीही जाऊं शकते. दुभंगलेल्या ओठासाठीं किंवा भाजलेल्या चेहऱ्यासाठीं हा धोका पत्करणें रास्त होय. निरोगी चेहऱ्यासाठीं मात्र आधीं थांबावें; विद्यार्थिदशेंत तर चेहऱ्याचीं हाडेंही वाढत असतात. पूर्ण वाढ झाल्यावरही इच्छा राहिलीच, तर वडील माणसांशीं बोलावें, दोन जाणत्या शस्त्रवैद्यांचें मत घ्यावें, आणि कांहींच न केल्यास काय बिघडेल, हेंही त्यांस विचारावें.

कोणी म्हणेल, लोक हिणवितात तें दुःख खोटें आहे काय? खोटें मुळींच नाहीं. परंतु तें दुःख बहुधा आपल्याच वर्गांत जन्मास येतें. नकटा, दांताळ, काळा अशीं नांवें आपणच ठेवितों, आणि ऐकणारा तीं जन्मभर आरशांत पाहतो. ह्या दुखण्यावर सुरीवांचून एक उपाय आहे, व तो आपल्या हातीं आहे. विद्यार्थी बंधुभगिनींनो, तीं नांवें आजपासून टाकून द्या.