मोठ्या चाकांचा मोह

गणेशचतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत निवळी फाट्यावरून जाकादेवी, चाफे मार्गे मालगुंड-गणपतीपुळ्याकडे वळणाऱ्या मोटारींची रांग पाहिली, म्हणजे चाकरमान्याच्या सांपत्तिक स्थितीत दोन पिढ्यांत केवढा पालट झाला आहे, हे वेगळ्या आकडेवारीविना ध्यानात येते. एस. टी.च्या टपावर वळकट्या टाकून येणाऱ्याचा मुलगा आज स्वतःच्या गाडीने येतो. मात्र त्या गाडीचे चाक निरखून पाहावे. मिश्रधातूचे, चकचकीत, थोरले. आणि त्याच्या कडेने रबराची जेमतेम चार बोटांची किनार. पुष्कळदा गाडीबरोबर आलेले चाक काढून, वर रोख पैसे मोजून हे बसवलेले असते. साडेतीनशे किलोमीटरांच्या या प्रवासाअंती मागच्या बाकावरची वृद्ध आई कंबर धरून उतरते. तेव्हा दोष सर्वस्वी रस्त्याला दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच.

मोठे चाक म्हणजे अधिक सुख, ही समजूत अगदीच निराधार नव्हे. बैलगाडीचे चाक उंच असे ते उगाच नव्हे. व्यास जितका मोठा, तितके चाक खड्ड्यात कमी उतरते आणि धोंड्यावरून सहज चढते. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या ‘मारुती ८००’ची चाके १२ इंची होती आणि प्रत्येक खड्ड्याची तळापर्यंत विचारपूस केल्याशिवाय ती पुढे जात नसत. ‘ॲम्बॅसडर’ची चाके १५ इंची, वर उंच, फुगीर टायर; त्यामुळे ती गाडी इतर बाबतींत कितीही मागासलेली असली, तरी खराब रस्त्यावर प्रवाशाला सांभाळून नेई. परंतु आजच्या मोठ्या चाकात मोठे होते ते आतील धातूचे कडे, म्हणजे रिम. चाकाचा एकूण व्यास नव्हे. चाक मातीच्या पंख्याला आणि सांगाड्याला घासू नये आणि वेगमापकाने खोटे सांगू नये, म्हणून बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच ठेवावा लागतो. मग रिम वाढले की कमी होते ते रबर.

हा हिशेब कोणासही करता येतो. १८५/६५ आर १५ या टायरची रुंदी १८५ मिलिमीटर आणि कडेची उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. त्याऐवजी २०५/४५ आर १७ बसवला, तर ती उंची ९२ मिलिमीटरवर येते. चाकाचा एकूण व्यास दोन्ही वेळा सुमारे ६२ सेंटिमीटरच राहतो. म्हणजे खड्डा ओलांडण्याच्या शक्तीत तसूभरही भर पडली नाही. रस्ता आणि माणूस यांच्यामधील हवेची उशी मात्र पाऊण झाली. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेचा टायर पुढे आणला तो याच उशीसाठी. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. तिची कड बुटकी केली की ती ताठर होते, आणि बारीकसारीक हादरे, जे पूर्वी रबरातच जिरत, ते वर बाकापर्यंत पोचतात. त्यात मोठे रिम व रुंद टायर मिळून बहुधा जडही असतात. स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की चाक खाचखळग्यांच्या मागोमाग चपळाईने वरखाली होऊ शकत नाही, ते आदळते.

कोकणात या आदळण्याला विशेष अर्थ आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत डांबर उखडते, खालचा जांभा उघडा पडतो आणि खड्ड्याच्या कडा धारदार होतात. जयगड बंदराकडे जाणारी अवजड वाहने त्या कडा आणखी खणतात. अशा कडेवर बुटका टायर आपटला की रबर रिम आणि दगड यांच्यात चेमटते, कडेला फुगवटा येतो, क्वचित रिमलाच तडा जातो. लोखंडी रिम वाकले तर ठोकून सरळ करता येते. तडकलेले मिश्रधातूचे रिम बहुधा टाकूनच द्यावे लागते. आणि तऱ्हेवाईक मापाचा टायर ऐन सणात गावातल्या दुकानात मिळेल, ही आशा धरणेच चूक.

मोठ्या रिमच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. बुटक्या कडेचा टायर वळणावर कमी झुकतो, गाडी हाताला नेमकी लागते, आतमध्ये मोठ्या ब्रेक-तबकड्यांना जागा मिळते. गुळगुळीत द्रुतगती मार्गावर हे गुण जाणवतात. पण मालगुंडच्या माणसाचे आयुष्य द्रुतगती मार्गावर जात नाही.

तरीही माणूस ही चाके का घेतो? थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिच्यात याचे एक उत्तर सापडते: चाक शेजाऱ्याला दिसते, कंबरदुखी दिसत नाही. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, ग्राहकाला जो गुण पारखता येत नाही, त्याची किंमत बाजार नीट करू शकत नाही. नव्या गाडीच्या वाहनसौख्याची गत तीच आहे. दुकानातल्या फरशीवर ते कळत नाही. चाचणीची फेरी पाच-दहा मिनिटांची, बऱ्या रस्त्यावरची, आणि ग्राहक पुढच्या बाकावर बसलेला. मागे, आसाच्या जवळ बसणारी माणसे, म्हणजे म्हातारी, मुले आणि बहुधा गृहिणी, त्या निर्णयात नसतातच. निर्णय एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, हा प्रकार अर्थशास्त्राला कारखान्याच्या धुराबाबत परिचित आहे. तो एकाच गाडीत, एकाच कुटुंबात घडतो, एवढाच फरक.

यात उत्पादकांचाही वाटा मोठा आहे. एकाच गाडीच्या स्वस्त प्रकाराला लहान रिम आणि उंच टायर, महागाला मोठे रिम, ही सर्रास रीत आहे. सुरक्षिततेची किंवा सोयीची अधिक साधने हवी असणाऱ्याला नको असलेली मोठी चाकेही गळ्यात बांधून घ्यावी लागतात. परिणामी जास्त पैसे देणारा कधीकधी कमी सुखाने प्रवास करतो. महाग प्रकारही लहान चाकांसह मागता आला पाहिजे, ही मागणी ग्राहक संघटनांनी करण्याजोगी आहे.

रस्तेच नीट करा, चाकांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण एक तपाहून अधिक काळ रेंगाळले. तोवर कोकणी माणसाने कंबर मोडून घ्यावी काय? शासनाची जबाबदारी टायरच्या उंचीने कमी होत नाही. पण टायरची उंची ग्राहकाच्या हाती आहे, महामार्ग नाही.

ज्यांनी मोठी चाके घेतली, त्यांना परतीची वाट आहे. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर किंवा माहितीपुस्तिकेत उत्पादकाने संमत केलेली टायरची मापे आणि हवेचा दाब दिलेला असतो. त्यांतील सर्वांत लहान रिम आपल्या ब्रेकवर बसते का, हे जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे, टायरची भारक्षमता कमी होऊ देऊ नये आणि चारही चाके एकाच मापाची ठेवावीत. मोठे चाक तसेच ठेवून हवा कमी करण्याचा उपाय मात्र कोणी करू नये. बुटका टायर कमी हवेवर तापतो आणि पहिल्याच खड्ड्यात रिमला उघडे पाडतो. नवी गाडी घेणाऱ्याने रत्नागिरीत चाचणी घेताना घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला मागे बसवावे आणि गाडी शहराबाहेरच्या उखडलेल्या रस्त्यावर न्यावी. विक्रेता कुरकुर करील. त्याला करू द्यावी.