धारूरहून जपान किती दूर?

आमच्या धारूरमध्ये परदेशात पीएचडी म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘पैसा कुठून आणणार?’ प्रश्न रास्त आहे. मौलाना आझाद फेलोशिप आणि शैक्षणिक कर्जावर व्याज सवलत देणारी ‘पढो परदेश’ या दोन्ही योजना केंद्राने २०२२-२३ पासून बंद केल्या. त्या पुन्हा सुरू व्हाव्यात ही मागणी सोडायची नाही. पण वय थांबत नाही.

जपान सरकारच्या ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्तीत संशोधकाला फी नाही. शिवाय दरमहा सुमारे १ लाख ४० हजार येन आणि विमानभाडे मिळते. तिथे घरचा पैसा नव्हे, संशोधनाचा नेमका आराखडा लागतो. माझ्या मते आपली मुले अडतात ती इथेच, कारण तो कसा लिहायचा हे सांगणारे घरात कुणी नसते.

धारूर निजामाच्या राज्यात असताना, १९२२ मध्ये, हैदराबादचे शिक्षणप्रमुख रॉस मसूद जपानला गेले. जपानने आधुनिक ज्ञान स्वतःच्या भाषेत आणले, हे त्यांनी पाहिले आणि परतल्यावर पुस्तक लिहिले.

आज तिथे शिकणाऱ्यांनीही लिहावे, मराठीत आणि उर्दूत. प्राध्यापकांना पहिले पत्र कसे लिहिले? हलाल जेवणाचे काय केले? मुलीने घरच्यांना कसे राजी केले? एक जण गेला की गाव पेढे वाटते. त्याने वाटही सांगितली, तर दुसरीही जाईल.