सांबाड्रोम कोणाचे?

कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी काँक्रीटचे कायमचे प्रेक्षागार बांधावयाचे, ही कल्पना प्रथमदर्शनी निव्वळ उधळपट्टीची वाटते. वर्षातील मोजक्या रात्रींसाठी कर्जबाजारी देशाने सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा आक्षेप १९८३ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो राज्याच्या सरकारवर येणे स्वाभाविकच होते. परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. त्यापूर्वी दरसाल मिरवणुकीच्या मार्गावर लोखंडी सांगाडे आणि फळ्या यांच्या तात्पुरत्या बैठका उभारल्या जात आणि उत्सव संपताच उतरविल्या जात. ठेकेदाराला दरवर्षी नवे कंत्राट मिळे. जनतेच्या पदरात मालमत्ता म्हणून एक वीटही पडत नसे.

हे चक्र थांबविले ते लिओनेल ब्रिझोला यांनी. पंधरा वर्षे परागंदा राहिलेला हा नेता, लष्करी राजवट संपलेली नसतानाच, १९८२ च्या निवडणुकीत रिओचा राज्यपाल झाला. तेथील राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो, हे येथील वाचकाने ध्यानात घ्यावे. त्यांचे सहकारी मानववंशशास्त्रज्ञ डार्सी रिबेरो यांनी योजना पुढे नेली, आणि जन्मभर साम्यवादी राहिलेल्या वास्तुशिल्पी ऑस्कर नीमायर यांनी आराखडा काढला. मार्केस द सापुकाई या रस्त्यावरील सुमारे सातशे मीटर लांबीची ही वास्तू चार-पाच महिन्यांत उभी राहिली आणि मार्च १९८४ मध्ये खुली झाली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली शाळेच्या वर्गखोल्या होत्या. ज्या काँक्रीटवर चार रात्री नाच पाहावयाचा, त्याच्याच सावलीत उरलेले वर्ष गरिबांच्या मुलांनी शिकावयाचे! उधळपट्टीच्या आक्षेपाला याहून समर्पक उत्तर कोणते देता आले असते?

जागेलाही इतिहास आहे. जवळच्या एस्तासियो वस्तीत १९२८ साली पहिली सांबा-शाळा निघाली. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांचा प्रासा ओन्झे हा चौक याच परिसरातला. चाळीसच्या दशकात प्रेसिडेंट वर्गास हा प्रचंड राजमार्ग काढताना तो जवळजवळ पुसला गेला. ज्यांची वस्ती रस्त्यासाठी उठविली, त्यांच्या कलेसाठी त्याच रस्त्याच्या कडेला राज्यसंस्थेने वास्तू बांधली. ही भरपाई म्हणावी, तर ती फार उशिराची होती.

मात्र वास्तू आली की फाटक येते, आणि फाटक आले की तिकीट येते. वास्तू बांधणाऱ्या सरकारने स्थिर भांडवल पुरविले. पोशाख, चित्ररथ, ढोल यांसाठी दरसाल लागणाऱ्या खेळत्या भांडवलाची पुरेशी सोय मात्र झाली नाही. ती पोकळी पूर्वीपासूनच आकड्यांच्या बेकायदा जुगाराचे सावकार भरून काढीत होते. जुलै १९८४ मध्ये मोठ्या सांबा-शाळांचा स्वतंत्र संघ स्थापन झाला तेव्हा त्यात या मंडळींचाच वरचष्मा होता. त्याचे पहिले अध्यक्ष कास्तोर द आंद्राद यांच्यासह चौदा जुगारसम्राटांना न्यायाधीश डेनिस फ्रोसार्द यांनी १९९३ साली शिक्षा ठोठावली. वस्तीतील माणसाच्या उत्सवाला कर्ज देणारा बँकवाला नसतो, म्हणून मटकेवाला असतो. यात नैतिक अधःपात शोधण्यापेक्षा पतपुरवठ्याचा अभाव शोधणे अधिक उपयोगाचे.

एकेका शाळेतून तीन-तीन हजार माणसे नाचत जातात. शिवणारे, सुतार, लोहार, ढोलकरी महिनोन् महिने राबतात, आणि त्यांतील कितीतरी श्रम विनामोबदला असतात. या श्रमांवर उभे राहणारे दृश्य वातानुकूलित कक्षांतून पाहणारे निराळे, आणि मार्गाच्या अखेरच्या स्वस्त पायऱ्यांवरून पाहणारे निराळे. एका बाजूला बिअरचा जुना कारखाना आडवा आल्याने नीमायर यांचा मूळ आराखडा अपुरा राहिला होता. २०११ मध्ये कारखाना पाडून २०१२ च्या कार्निव्हलपूर्वी तो पूर्ण झाला. पायऱ्या वाढल्या, स्वस्त तिकिटे शेवटच्याच टोकाला राहिली.

तरीही ही वास्तू श्रीमंतांची करमणूकशाळा झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८९ साली बेइजा-फ्लोर या शाळेने भिकाऱ्याच्या वेषातील ख्रिस्त मिरवणुकीत आणला. न्यायालयाने मनाई करताच तो काळ्या प्लास्टिकने झाकून तसाच पुढे नेला. २०१८ मध्ये पाराइझो दो तुइयुती या छोट्या शाळेने गुलामगिरी खरोखर संपली काय, असा प्रश्न विचारीत गळ्यात राष्ट्राध्यक्षाचा पट्टा घातलेला रक्तपिपासू वेताळ रथावर उभा केला आणि दुसरा क्रमांक मिळविला. सरकारी काँक्रीटवर उभे राहून सरकारचे वाभाडे काढता येतात, ही गोष्ट लहान नव्हे. गोव्याचा इंत्रुज याच पोर्तुगीज वारशातला. तेथील चित्ररथांवर पुरस्कर्त्यांच्या जाहिराती मोजणाऱ्याला तिचे मोल चटकन कळेल.

तेव्हा भांडण काँक्रीटशी नाही, फाटकावरच्या कराराशी आहे. जमीन सार्वजनिक, बांधकाम सार्वजनिक; मग तिकिटे, कक्षांचे भाडे आणि प्रक्षेपणाचे हक्क यांतून येणाऱ्या पैशाचा जाहीर ताळेबंद दरसाल शाळांच्या सभासदांसमोर, म्हणजे वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या बायांसमोर ठेवला जावा, आणि त्यांच्या मजुरीचा आकडा त्यातली पहिली रक्कम असावी.