अर्भकांच्या कक्षातून निघालेली लस

दोन देशांच्या विद्यापीठांत संशोधनाचा करार झाल्याचे वृत्त आले की त्यासोबत छायाचित्र असते आणि कोटींचा आकडा असतो. त्यातून घरातल्या तान्ह्या मुलाच्या पदरात काय पडले, हे मागाहून सहसा कोणी छापत नाही. अशाच एका सहकार्याची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचा मोठा भाग आमच्या हैदराबादेत घडला, हे ती निवडण्याचे एक कारण आहेच.

तान्ह्या मुलाची हगवण पूर्वी 'दात येत असतील' म्हणून अंगावर काढली जाई. तिच्या तीव्र प्रकारातील मोठा वाटा एका विषाणूचा आहे, हे १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर एका भागाएवढा हा जीव. आकार चाकासारखा, म्हणून लॅटिनमधील चाकाचे 'रोटा' हे नाव त्यास मिळाले.

पुढे १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांचे सहकारी यांना एक नवल आढळले. नवजात अर्भकांच्या कक्षातील कित्येक मुलांच्या शौचात हा विषाणू सापडे, पण मुले ठणठणीत असत. आणि घरी गेल्यावर पुढील तीव्र हगवणीपासून ती बऱ्याच अंशी बचावत. निसर्गानेच लस पाजली होती म्हणा ना! या मानवी विषाणूत गाईगुरांच्या रोटा विषाणूचा एक जनुक आपोआप मिसळलेला होता. त्यास ११६-ई असे नाव पडले.

परंतु विषाणू सापडणे निराळे आणि त्याची लस होणे निराळे. १९८७ साली भारत व अमेरिका यांच्यात लससंशोधनाचा करार झाला, तेव्हा 'आमची मुले परक्यांच्या प्रयोगाचे साधन होणार काय?' अशी शंका उघडपणे बोलून दाखविली गेली. ती गैर होती असे आम्हांस वाटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॅरी ग्रीनबर्ग, अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातील रॉजर ग्लास असे जाणते विषाणुतज्ज्ञ या कामात आले. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही असाच एक विषाणू पुढे केला होता. चाचणीत तो मागे पडला. अशातच अमेरिकेत निघालेली रोटाची पहिली लस, आतड्यात आतडे शिरण्याचा विकार काही मुलांत दिसल्यामुळे, १९९९ साली मागे घेण्यात आली. त्यानंतर प्रत्येक नव्या लसीस अधिक कठोर परीक्षा द्यावी लागली.

लस करण्याचे काम हैदराबादच्या भारत बायोटेकने अंगावर घेतले. २०११ साली सुरू झालेल्या अखेरच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर व पुणे येथील ६,७९९ अर्भके होती. पुण्याची बाजू के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने सांभाळली. कार्यकर्ते आठवड्याच्या आठवड्यास घरोघर जाऊन मुलाची प्रकृती विचारीत. या सहकार्यात विद्यापीठांची नावे सर्वत्र येतात. दर आठवड्यास दार उघडणाऱ्या त्या आयांची येत नाहीत. आमच्या मते त्याही भागीदारच.

पहिल्या वर्षी तीव्र आजारापासून संरक्षण सुमारे ५६ टक्के दिसले. आकडा थोडा वाटेल. परंतु गरीब देशांत परदेशी महाग लसींचे यशही साधारण इतकेच होते, आणि ही लस एका मात्रेस एक डॉलर या दराने देण्याचे कंपनीने कबूल केले होते. चाचणीचे केंद्रनिहाय आकडे जाहीर करावेत, यासाठी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या आकड्यांसाठी आयांनी आपली मुले स्वाधीन केली, ते मागण्यात वावगे काय?

मार्च २०१६ मध्ये आंध्र प्रदेशासह चार राज्यांच्या सरकारी लसीकरणात ती आली आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. दिल्लीच्या त्या कक्षापासून येथवर तीस वर्षे गेली.

ज्यांच्या घरी नातवंड आले आहे त्यांनी लक्षात ठेवावे: रोटाची लस सरकारी केंद्रात सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यास तोंडावाटे मोफत पाजतात. ती पाजूनही हगवण लागलीच, तर क्षार-साखरेच्या मिश्रणाचे पाणी पूर्वीप्रमाणेच द्यावयाचे आहे.